हॉकीचं आवतण

बजाजनगर, ५ जानेवारी

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. हे पाकीट सांडूभाऊंच्या जीपमधून कन्नडला येईल. ते म्हणाले, "तुज्या भावाच्या हातात देतो. वाचायचं का त्यावर बिडी पेटवायची, ते त्याचं त्यो बघंल." तू बिडी ओढत नाहीस, एवढाच मला आधार.

आधी बातमी. काल गोलवाडीच्या टर्फवर आपल्या देवगिरी दणका संघाचा पहिला सामना झाला. आपण एक-शून्यनं जिंकलो. गोल सोमनाथनं मारला. सवयीप्रमाणे तो स्टिक उंचावून बजाजनगरच्या स्टँडकडे धावत सुटला आणि अर्ध्यात थांबला. पायऱ्यांवर एक कुत्रं उन्हाला पसरलं होतं. बाकी कुणी नाही. सोमनाथनं त्या कुत्र्यालाच वाकून सलाम केला. मला हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

हो, मी तिथं होते, आणि कामावर होते. "ज्या फाटकाबाहेर आम्ही धरणं धरलं, त्याच फाटकातून तू आत नोकरीला जाणार?" असं तू दिवाळीनंतर म्हणालास आणि बोलणंच टाकलंस. त्याचं उत्तर आता सांगते. ते फाटक तुमच्यामुळेच बदललं आहे. सोमनाथचा गुडघा सामन्यात मोडला आणि लीगनं त्याला करारातून काढून टाकलं, तेव्हा तुम्ही सगळे खेळायचे थांबलात. सगळ्यांच्या वतीनं तू बोललास. अख्खा हंगाम बुडाला, पण आता करारात लिहिलं आहे की खेळताना मोडलेलं हाड लीग बरं करून देईल आणि खेळाडूची जागा राखून ठेवेल. सोमनाथ आज पुन्हा कप्तान आहे. तुझीही जागा राखलेली आहे. तू मिळवलंस, बाकीचे खेळतात, आणि आपला गोलकीपर पॅड गुंडाळून मावशीकडे कन्नडला जीप चालवतो. हे मला पटत नाही.

माझं काम काय, तर रुसलेल्या प्रेक्षकांना परत आणायचं. ऑफिसात त्याला मोठं नाव आहे, ते लिहीत नाही, तू हसशील. मीनाक्षी मॅडम माझ्या वरच्या. त्या कडक आहेत, पण चहा स्वतः करून देतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे: बावीस फेब्रुवारीला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्या दिवशी लीगचे राजेंद्र साहेब मुंबईहून येणार. स्टँड भरले नाहीत तर संघ दुसऱ्या शहराला दिला जाईल.

घरातली पहिली पदवीधर आणि तिची पहिली नोकरी दोन महिन्यांत बुडाली, असं बाबांना सांगावं लागू नये, हे आहेच. पण खरं म्हणजे, शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला गावात ओरडायला एक हक्काची जागा असावी असं मला मनापासून वाटतं. घरात ओरडण्यापेक्षा ते चांगलं.

बाबा बरे आहेत. तू गाव सोडलंस तेव्हापासून तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत. मलाही तुझ्याकडून काही नको. फक्त कळवते आहे.

प्रेरणा


बजाजनगर, १५ जानेवारी

दादा,

सांडूभाऊ म्हणाले, तू पाकीट घेतलंस आणि न उघडता खिशात टाकलंस. खिशात टाकलंस, हे चांगलं लक्षण मानते.

आम्ही सगळं करून पाहिलं. चौकाचौकात तुमच्या फोटोंचे फलक लावले. रिक्षाला भोंगा बांधून "या या, हॉकी बघायला या" म्हणत दोन दिवस फिरवलं. फुकट पास वाटले. दुसऱ्या सामन्याला कुत्र्याच्या जोडीला आणखी एक कुत्रं आलं.

शेवटी काल मी मनकर्णा मावशींच्या खानावळीत गेले. स्टँडमध्ये परात बडवणारी, तुला "माझं दार" म्हणणारी, आपण गोल खाल्ला की अंपायरच्या सात पिढ्या उद्धरणारी आपली मावशी. संपापासून तिनं मैदानाचं तोंड पाहिलेलं नाही. मी तिळगूळ दिला. तिनं घेतला, पण गोड बोलायचं काही मनावर घेतलं नाही. बसले तर टेबल डुगडुगलं नाही. पूर्वी डुगडुगायचं. खाली पाहिलं तर पायाखाली आमच्या पासांची घडी.

"लई कामाला आले बग तुजे पास," ती म्हणाली.

"मावशी, पोरं खेळायला लागलीत. तुम्ही का येत नाही?"

"आवतण कुठंय?"

"भोंगा फिरला ना रिक्षातून."

"भोंगा तर नळाला पानी येनार नाय म्हनून बी फिरतो. त्याला का आवतण म्हनत्यात?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं पाठ केली. मग पाठमोरीच बोलत राहिली. ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्यापेक्षा तुझ्यासाठी आहे.

"पोरं संपावर बसली त्याचा राग नाय गं मला. आमच्या ह्यांच्या कंपनीत संप झाला तवा मी रोज गेटावर भाकरी नेल्या. संप काय असतो ते मला नको शिकवू. पन त्या दिशी आमी लेकरंबाळं घेऊन, शिफ्ट बदलून आलो. पोरं मैदानात आली अन् मधात बसली. आमाला कुनी काय सांगना. दुपारभर उन्हात बसलो. शेवटी पोलीस म्हनले, उठा, घरी जा. आमी का कुनी परके व्हतो? तुज्या भावानं येऊन एक शब्द टाकला असता, की मावशी, असं असं हाय, आमी बसनार हाव, तर दुसऱ्या दिशी टर्फावर भाकरी घेऊन आले असते मी!"

दादा, त्या दिवशी बाटल्या पडल्या. एक तुझ्या हेल्मेटवर आदळली. तुला वाटलं, बजाजनगर संपाच्या विरोधात आहे. स्वतः संप केलेली माणसं आपल्याला उलटली, हे तुला लागलं आणि तू गाव सोडलंस. मलाही आजवर तसंच वाटत होतं. तसं नव्हतं, दादा. त्यांना कुणी सांगितलं नाही म्हणून ते चिडले होते. मालक काही सांगत नाही, याची त्यांना सवय आहे. तुम्हीही काही सांगितलं नाहीत.

हे वाचून तू आणखी रागावशील. पण तिळगुळाच्या पाकिटातच हे पत्र ठेवते आहे, तेव्हा निदान तिळगूळ खा.

प्रेरणा


बजाजनगर, २ फेब्रुवारी

दादा,

ऊस मिळाला. सांडूभाऊंनी मोळी जीपवरून उतरवली आणि म्हणाले, "कुनी दिला ते सांगू नको म्हनला." दोरीला दुहेरी गाठ मारून टोक आत खोचलेलं. तू पॅड असेच बांधतोस. बाबांनी एक कांडं हातात घेतलं, गाठीकडं पाहिलं आणि सोलायला बसले.

आता ऐक, कारण इथं फार मोठी गंमत सुरू आहे.

मावशीचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. पाचोडला, आईच्या माहेरी, भावकीत भांडण असलं आणि कुणाच्या घरी लग्न निघालं, की आजोबा काय करायचे, आठवतं? रुसलेल्याच्या दारात स्वतः जायचे. भांडणाचं नावच काढायचे नाहीत. "पाणी दे रे" म्हणायचे. त्यानं तांब्या दिला की दोन घोट प्यायचे, हातावर अक्षता ठेवायचे आणि म्हणायचे, "या लग्नाला." तिथं भांडण संपायचं. ज्यानं पाणी दिलं आणि अक्षता घेतल्या, त्यानं यायचंच. नाही आला तर तो चुकला.

मी मीनाक्षी मॅडमना म्हटलं, "आपण अक्षता देऊ या."

त्यांनी चष्मा काढला. "अक्षता? हॉकीच्या सामन्याला?"

"घरोघर, मॅडम. खेळाडूंनी स्वतः जाऊन."

"प्रेरणा, आमच्याकडे लग्नाची पत्रिकासुद्धा व्हॉट्सअपवर येते."

"मग तुम्ही जाता का त्या लग्नाला?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाल्या, "नाही जात." आणि तांदूळ आणायला सांगितले.

आईनं अंगणात चादर पसरून तांदूळ हळदी-कुंकवात रंगवले. ओटीवर बसून सगळा संघ पुड्या बांधत होता. सोमनाथच्या पुड्या सुटतात. हातात स्टिक असली तरच तो कामाचा. पुडीवर आम्ही छापलं आहे: "स्थळ गोलवाडीचं मैदान. शुभमुहूर्त रविवार, २२ फेब्रुवारी, सायंकाळी ४ वाजून ३५ मिनिटे." सामना खरोखर तेव्हाच सुरू होतो. मुहूर्त शोधावाच लागला नाही.

मग रोज संध्याकाळी सरावानंतर आम्ही गल्ल्या धरल्या. पहिलं दार मनकर्णा मावशीचं. मी मागं उभी राहिले. सोमनाथ पुढं गेला आणि घाबरून म्हणाला, "मावशी, पाणी."

मावशीनं त्याला वरून खाली न्याहाळलं. सगळी खानावळ जेवायची थांबली.

"कुनाचा रे तू?"

"मी सोमनाथ. कप्तान."

"ते म्हाईत हाय. गुडघा दाव."

त्यानं ट्रॅकपँट वर केली. मावशीनं हात पुसला आणि टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं. आत गेली, तांब्या भरून आणला. सोमनाथ सगळा प्यायला. "त्या दिवशी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मावशी," तो म्हणाला. मावशीनं अक्षता घेतल्या आणि देवापुढं ठेवल्या.

तेव्हापासून आमच्या पोरांची पोटं पाण्यानं डबडबलेली असतात. प्रत्येक दारात तांब्या. एका आजोबांनी तर अर्धा तास शिव्या घातल्या, मग विचारलं, "मुहूर्त किती वाजताचा?" शिव्या देणाऱ्यानं वेळ विचारली की सोमनाथ माझ्याकडं बघून डोळा मारतो. आम्हाला आता कळायला लागलं आहे, जो जास्त चिडतो तो नक्की येणार.

आईसुद्धा उत्साहात ओटी भरून पुड्या घेऊन पाचोडला माहेरी जाऊन आली. कडूबा मामांना देऊन आले म्हणाली. काय सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "बावीस तारखेला या म्हटलं. आणखी काय सांगायचं असतं?"

तू ये असं मी म्हणत नाही. ऊस गोड आहे.

प्रेरणा


बजाजनगर, १२ फेब्रुवारी

दादा,

घोटाळा झाला आहे. मोठा आणि गोड, पण घोटाळाच.

आज मनकर्णा मावशी कमरेला पदर खोचून थेट आमच्या ऑफिसात आली. मीनाक्षी मॅडमच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाई, जेवायला काय हाय?"

मॅडमना वाटलं भूक लागली आहे. त्यांनी बिस्किटं पुढं केली.

"आत्ता नाय वो. बावीस तारखेला. अक्षता वाटल्या, सगळं बजाजनगर येनार, पाचोडहून टेंपो भरून यायलेत म्हनं. जेवन काय ठिवलंय?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी भिंतीकडं. दादा, आजोबांचं सगळं मला आठवलं, फक्त अक्षता दिल्या की पंगत द्यावी लागते एवढंच आठवलं नाही. एवढी शिकून ही चूक केली. अशिक्षित आईनं केली नसती. तिला वाटलं होतं, मी जेवणाचं बघितलंच असेल.

"आपण वडापावचे स्टॉल..." मॅडमनी सुरुवात केली.

"अक्षता देऊन इकत वडापाव?" मावशी उभीच राहिली. "सात पिढ्या नावं ठेवत्याल लोक. पोरीला या गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची नाय."

मी रडायच्या बेतात होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या लोकांचं जेवण आम्हाला शक्य नाही. खोटं कशाला सांगू?"

मावशी पुन्हा बसली. बिस्कीट घेतलं. ते बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "भाकरी आमी आनू."

"कोण?"

"खानावळवाल्या समद्या. अन् घरोघरच्या बाया. ज्याच्या घरी अक्षता गेल्या त्यानं भाकरी आनायच्या. पिठलं अन् ठेचा मी बघते. बुंदीचं तेवढं तुमी बघा, बाई. गोड यजमानाचंच लागतं." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तवा संपाला भाकरी आनायच्या ऱ्हाऊन गेल्या व्हत्या माझ्या. तीच उधारी समज."

मॅडमनी बुंदी कबूल केली. मावशी गेल्यावर त्यांनी उरलेल्या बिस्किटांची बशी उचलून ठेवली. म्हणाल्या, "मी पंधरा वर्षं जाहिरातीचं काम करते आहे." एवढंच म्हणाल्या.

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की बाबा तुझ्याबद्दल विचारत नाहीत. मला विचारत नाहीत, हे खरं. पण पाकीट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते जीपच्या थांब्यावर जातात आणि सांडूभाऊंना विचारतात, "पोचलं का?" हे मला सांडूभाऊंनीच सांगितलं.

जाता जाता मावशीनं मला दारात आणखी एक विचारलं. ते आत्ता लिहीत नाही. त्याचं उत्तर मला पत्रात देता येणार नाही.

प्रेरणा


कन्नड, २२ फेब्रुवारी, सकाळ

दादा,

हे पत्र सांडूभाऊंकडे दिलेलं नाही. मीच आणलं आहे. आपल्या कन्नडच्या मावशीच्या हाती आत पाठवते आहे.

मनकर्णा मावशीनं त्या दिवशी विचारलं होतं, "सगळ्या बजाजनगरच्या दारात पानी पिऊन आलीस. अन् सख्ख्या भावाला कागूद धाडतीस व्हय?"

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तुझ्याकडून काही नको. ते खरं नव्हतं.

मी बाहेर ओट्यावर उभी आहे. पदराला अक्षता बांधल्या आहेत. सांडूभाऊंची जीप सुरूच आहे आणि ते सारखे हॉर्न वाजवताहेत, ते तू ऐकतोच आहेस.

तहान लागली आहे. पाणी घेऊन ये.

प्रेरणा


बजाजनगर, २५ फेब्रुवारी

दादा,

काल तू फोनवर म्हणालास, "आता पत्र कशाला? बोलतोय ना." बोलणं चालूच राहील. पण त्या दिवशी पुष्कळ काही तुझ्या पाठीमागं घडलं. गोलकीपरला पुढचं सगळं दिसतं, मागचं दिसत नाही. म्हणून हे शेवटचं पत्र.

आपण पोचलो तेव्हा फाटकावरची गर्दी तू पाहिलीस आणि जीपमध्येच खाली सरकून बसलास. तुला वाटलं, सगळे तुझ्याकडं बघताहेत. ते तुझ्याकडं बघत नव्हते. ते आहेर कुठं ठेवायचा ते विचारत होते. तिकीट फाडणाऱ्या पोरांपुढं टोपी-टॉवेल, नारळ, ब्लाउजपीस, स्टीलचे डबे यांचा ढीग लागला होता. एक आजी "नवरीची खोली कुठंय?" म्हणत खेळाडूंच्या खोलीत शिरल्या. आत पाहुणा संघ कपडे बदलत होता. आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पोरं बरीयत, पन उघडीयत."

आणि कडूबा मामा! तू तेव्हा सोमनाथला भेटायला गेला होतास. मामा पाचोडच्या टेंपोतून उतरले ते फेटा बांधून, बगलेत साडी, तोंड फुगलेलं. मला पाहताच म्हणाले, "भाचीचं लगीन अन् मामाला नवरदेव कोन ते बी सांगायचं नाय?"

दादा, आईनं "बावीस तारखेला या" एवढंच सांगितलं होतं. मामांनी लग्नाचं वय झालेली भाची आणि हातातल्या अक्षता यांचा हिशेब आपल्या पद्धतीनं जुळवला. मी घाबरून मैदानाकडं हात केला. तिथं आपला संघ पळत होता.

मामांनी अकराही जणांकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक दाव, बाई."

सगळं समजावल्यावर ते थोडे नाराज झाले. साडी मात्र दिलीच. आणलेला आहेर परत नेत नाहीत.

चार पस्तीसला अंपायरनं शिट्टी फुंकली ते तू पाहिलंस. पण स्टँडमध्ये कुणी सुरुवात केली ते तुला माहीत नाही. ते शिव्या घालणारे आजोबा! त्यांनी घरून जपून आणलेली पुडी सोडली, "शुभमंगल सावधान" ओरडले आणि मूठभर अक्षता मैदानात उधळल्या. मग काय, सगळ्यांच्याच पुड्या सुटल्या. पिवळा-तांबडा पाऊस. नुकतं पाणी मारलेलं टर्फ, त्यावर तांदूळ चिकटून बसले. पाहुण्यांच्या गोलकीपरच्या हेल्मेटमध्ये अक्षता गेल्या आणि तो नाचायला लागला. अंपायर नियमांचं पुस्तक काढून तांदळाबद्दल काही लिहिलं आहे का ते शोधत होते. शेवटी दोन्ही संघांनी खराटे घेऊन मैदान झाडलं आणि स्टँड त्यांच्या प्रत्येक फटकाऱ्याला टाळी देत होता. राजेंद्र साहेब मीनाक्षी मॅडमना म्हणाले, "हे लोक सामन्याला आलेत की लग्नाला? मी मुंबईत सांगू काय?"

मॅडम म्हणाल्या, "आलेत, एवढंच सांगा." आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आहेर पुकारावा लागतो. प्रत्येक मध्यांतरात त्या अगदी शुद्ध, घोटीव मराठीत सांगत होत्या, "पाचोडचे श्रीयुत कडूबा यांच्याकडून भाचीला साडी-चोळी. गल्लीतील समस्त महिला मंडळाकडून कप्तानाच्या गुडघ्यास खोबरेल तेल." लोक गोलाला ओरडत होते तसे आहेराला ओरडत होते. राजेंद्र साहेबांच्या डोक्यावरही टोपी बसली आणि मांडीवर नारळ आला. मग त्यांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं.

आपण तीन-दोननं हरलो. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता उठून जातील. कुणी उठलं नाही. उलट आजोबा शेजारच्याला म्हणाले, "लग्नात का कुनी हरतं? चला, पंगत बसायली."

तू सामनाभर जिथं उभा होतास, गोलमागच्या जाळीला टेकून, हात बांधून, तिथून तू पंगतीकडंही यायला तयार नव्हतास. मी तुला ओढायला येत होते. पण माझ्याआधी मामा पोचले. त्यांना अजून ते लग्नच वाटत होतं, की मुद्दाम तसं करत होते, मला माहीत नाही. म्हणाले, "नवरीचा भाऊ असून हात बांधून उभा? वाढ की!" आणि भाकरीची पाटी तुझ्या हातात दिली.

पुढचं तू केलंस, पण बघितलं नाहीस, कारण तू मान वर करतच नव्हतास. नुसती पत्रावळ दिसली की भाकरी ठेवायची आणि पुढं सरकायचं. ज्यांनी बाटल्या फेकल्या ते त्या पंगतीत होते. तू जवळ आलास की ते शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते आणि सरळ बसत होते. त्यातलाच एक म्हणाला, "गोकुळभाऊ, आज हेल्मेट नाय घातलं?" तू पत्रावळीकडं बघतच म्हणालास, "आज बाटल्या दिसत नायत." सगळी ओळ हसली. तेव्हा मी पिठल्याची बादली खाली ठेवली आणि थोडी बाजूला जाऊन आले.

मनकर्णा मावशी तुला म्हणाली ते तू ऐकलंसच, पण मला ते कागदावर हवं आहे. तिनं दोन भाकरी घेतल्या, तिसरीला हात आडवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुन्यांदा संप करायचा आसंल तर खुशाल कर. पन आदी आवतण दे. भाकरी किती थापायच्या ते कळाया नको?"

राजेंद्र साहेबांचा आज सकाळी फोन आला. संघ इथंच राहणार. मॅडमनी मला सांगितलं, मग स्वतः चहा केला, साखर घालायला विसरल्या आणि आम्ही दोघींनी तो तसाच पिऊन टाकला. पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा त्यांना गोलकीपर लागेल. मी त्यांना सांगितलं, त्याच्या दारात पाणी पिऊन झालं आहे, आता तो चुकणार नाही.

आता शेवटची गोष्ट. ही मी सांगितली असं सांगू नकोस.

पंगतीच्या अगदी टोकाला, टोपी डोळ्यांवर ओढून, बाबा बसले होते. तू त्यांच्या पानावर भाकरी ठेवलीस आणि न बघता पुढं गेलास. ते जेवले, उठले, हात धुतले. मग मी पाहिलं तर दुसऱ्या पंगतीत, पुन्हा त्याच टोकाला, पुन्हा बसलेले. या वेळी तू पानाकडं बघूनच म्हणालास, "अजून एक घ्या, बाबा." तू बजाजनगरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला तसंच म्हणत होतास. पण त्यांनी ती अजून एक घेतली. वर्षभरानंतर तू त्यांना बाबा म्हणाला होतास, आणि तुला ते माहीतही नव्हतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "दोनदा का जेवलात? पोट बिघडंल ना!"

बाबा म्हणाले, "पोराचा हात वाढायला चांगला हाय."

ते तिसऱ्यांदाही बसले असते, दादा. पण भाकरी संपल्या होत्या.

रविवारी पॅड घेऊन ये. आई जास्तीचं पीठ मळणार आहे.

प्रेरणा